पुढचा पाय

विदर्भात मैदान करायचं म्हणजे पहिलं भांडण काळ्या मातीशी. कापसाला ती मानवते, खेळाला नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि एखाद्या भेगेत पोरीचा घोटा मुरगळला की तिचा हंगाम गेला. म्हणून वरचा थर उकरून काढायचा, दगड-खडी भरायची, वर मुरूम पसरायचा, टँकरने पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. एवढं केल्यावर काही महिने मैदान नीट वागतं. मग वरचा थर सुटू लागतो. मुरमाचे बारीक गोलसर खडे मोकळे होतात आणि खालच्या टणक थरावर नुसते पडून राहतात. चालताना ते कळत नाही. धावत येऊन पाय रोवला की कळतं.

अशा मैदानावर मी शाळेतल्या मुलींना हँडबॉल शिकवते. ४० बाय २० मीटरचं मैदान, दोन टोकांना २ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद गोल, गोलभोवती ६ मीटरवरची कमानदार रेघ. आमच्या पोरी त्या भागाला ‘डी’ म्हणतात. डीच्या आत पाय ठेवायची मुभा फक्त गोलकीपरला. बाकीच्यांनी रेघेच्या अलीकडून उडी घ्यायची आणि पाय आत टेकण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. त्यामुळे रेघेच्या अलीकडच्या दीड-दोन हाताच्या पट्ट्यात सगळ्यांची पावलं पडतात आणि मुरूम नेमका तिथेच सगळ्यात जास्त सुटतो. फक्की रोज नवी मारता येते, खालची जमीन तशी बदलता येत नाही. एखाद्या शाळेचं मैदान रिकामं असताना नुसती चक्कर मारून आले तरी तिथला संघ कुठून शॉट मारतो हे मला सांगता येतं. उजव्या विंगच्या कोपऱ्यात जमीन उखडलेली नसेल तर त्यांच्याकडे धड डावखुरी पोरगी नाही, असं खुशाल समजावं.

‘हातात जोर नाही’ ही आमच्याकडची कायमची तक्रार. पोरगी स्वतः म्हणते, पालक म्हणतात, शेजारच्या शाळेतले पीटीचे सरही म्हणतात. मग डंबेल येतात, रबर येतात, पुशअप वाढतात. माझी त्याला हरकत नाही, पण मी आधी पाय बघते. चेंडू जाळीत गेला की बाहेर, हे बघायला बाकीच्या पोरी असतातच.

उजव्या हाताने फेकणारी मुलगी तीन पावलं घेते: डावं, उजवं, डावं. तीनपेक्षा जास्त पावलं नियमातच बसत नाहीत. यातलं शेवटचं डावं पाऊल म्हणजे सगळा हिशोब. टाच पुढे पडते, गुडघा जवळजवळ सरळ राहतो आणि मागून धावत आलेलं सगळं अंग त्या पायावर अडतं. पाय थांबला की कंबर फिरते, कंबर मंदावते तसं धड फिरतं, मग खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी मनगट आणि बोटं. आसूड ओढताना मूठ जागेवर थांबली नाही तर टोक वाजत नाही, तसंच हे. पुढचा पाय चार बोटं जरी सरकला तरी मागच्या प्रत्येक हालचालीला थांबायला जागा उरत नाही. मग पोरगी काय करते? उरलेलं काम हाताने करू बघते. खांदा वर चढतो, कोपर खाली येतं, चेंडू ढकलल्यासारखा जातो आणि संध्याकाळी घरी खांद्याला बाम लागतो.

यावर एक जण मला म्हणाले होते, ‘मॅडम, अभ्यास तर वेगळंच सांगतात.’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नॉर्वेत काम करणाऱ्या व्हान डेन टिलार आणि एटेमा यांनी २००४ साली मांडलं, की हातातून सुटताना चेंडूला जो वेग असतो, त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश हिस्सा खांद्याचं आतल्या बाजूला फिरणं आणि कोपराचं सरळ होणं या दोन हालचालींतून येतो. मग पाय कशाला बघायचे? पण खांदा फिरतो तो धडाच्या आधाराने. धड पुढे फिरताना हात मागे राहतो, खांद्याभोवतीचे स्नायू ताणले जातात आणि त्या ताणातून तो झटक्याने पुढे येतो. धडाला तो आधार कमरेकडून येतो आणि कमरेला पायाकडून. शेवटच्या क्षणाचा हिशोब मांडला तर खांदा-कोपर दिसणारच. त्यांच्या हाती भांडवल कुणी दिलं, हे त्या आकड्यात येत नाही.

दुसरा एक अभ्यास मला जास्त उपयोगी वाटतो. ऑस्ट्रियातले हर्बर्ट वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हँडबॉलच्या निरनिराळ्या थ्रोंचे वेग ताडून पाहिले. धावत येऊन, पाय रोवून मारलेला थ्रो १०० धरला तर जागेवरून मारलेला साधारण ९३, जंप शॉट ९२ आणि पिव्होट खेळाडू वळून मारतो तो ८५. जंप शॉटमध्ये तर फेकताना पायाखाली जमीनच नसते! तरी तो जागेवरच्या थ्रोला जवळजवळ गाठतो. याचं कारण जमिनीशी असलेला व्यवहार उडी घेतानाच आटोपलेला असतो. हवेत गेल्यावर पोरगी पायांचा उपयोग उलट बाजूने करते. हात पुढे येताना गुडघ्यात दुमडलेला मोकळा पाय मागे जातो, वरचं अंग एका बाजूला फिरतं ते खालचं अंग दुसऱ्या बाजूला फिरल्यामुळे. ज्यांना हे जमत नाही त्यांचं सगळं अंग हवेत एकाच बाजूला भोवऱ्यासारखं वळतं आणि त्या आडव्या पडतात. पडणं नंतरचं. चेंडू त्याआधीच पडेल झालेला असतो.

मला त्या आकड्यांतून खरं दिसतं ते असं: धाव आणि रोवलेला पाय हे दोन्ही जुळून आले तरच ते वरचे सात-आठ टक्के मिळतात. सुटलेल्या मुरमावर धाव असते, रोवणं नसतं. तिथे जोरात धावत येऊन मारणाऱ्या मुलीला जागेवरून मारणारीपेक्षा फारसं काही जास्त मिळत नाही. उलट तिची दिशा बिघडते, आणि शाळेच्या पातळीवर वेगापेक्षा दिशेने जास्त सामने हरतात. ९ मीटरवरून एका अंशाची चूक झाली तर गोलपाशी चेंडू सुमारे १६ सेंटीमीटर बाजूला जातो. मुलींच्या चेंडूचा घेर ५४ ते ५६ सेंटीमीटर, म्हणजे आडवा व्यास सतरा-अठरा सेंटीमीटर. खांबाच्या आतून जाणारा चेंडू आणि खांबाबाहेरून जाणारा चेंडू यांत तेवढाच फरक असतो. कंबर एक अंश जास्त फिरायला पाय किती सरकावा लागतो, हे मुरमावर खेळलेल्या कुणालाही विचारा.

‘मॅडम, इथं पाय घसरून राहिला न,’ पोरी म्हणतात. त्यावर माझं सांगणं एवढंच, की शेवटचं पाऊल आखूड कर. लांब पाऊल पुढे टाकलं की पाय जमिनीला खाली कमी आणि पुढे जास्त ढकलतो, म्हणून खड्यांवरून निसटतो. पाऊल आखूड असलं की अंगाचं वजन त्याच्यावर सरळ येतं आणि तो टिकतो. वेग थोडा जातो, चेंडू मात्र सांगितला तिथे जातो. हा सौदा मी डोळे उघडे ठेवून करते. फक्त तो मैदानापुरता आहे हे पोरींना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, नाहीतर आखूड पावलाचीच सवय होऊन बसते.

ती सवय उघडी पडते ती इनडोअर हॉलमध्ये गेल्यावर. मुरमावर वाढलेला संघ विभागीय स्पर्धेला पहिल्यांदा लाकडी फ्लोअरवर उतरला की सुरुवातीचे शॉट बघण्यासारखे असतात. आमच्या मैदानावर पाय सरकतो, धड मागे राहतं आणि चेंडू वर जातो. पोरींनी इतक्या दिवसांत त्याची भरपाई शिकून घेतलेली असते, त्या धड मुद्दाम पुढे लोटतात. फ्लोअरवर पाय टेकल्याजागी गच्च थांबतो, लोटलेलं धड जास्तच पुढे येतं आणि चेंडू गोलकीपरच्या पायाशी आपटतो. बाहेर बसलेले म्हणतात, पोरी घाबरल्या. घाबरलेल्या असतातही थोड्या. पण त्यांचे पाय अजून मुरमावरच खेळत असतात. म्हणून हॉल मिळाला की मी आधी गोलवर शॉट मारू देत नाही. नुसतं धावणं, थांबणं, वळणं, बुटाचे तळवे ओल्या फडक्याने पुसणं, पुन्हा धावणं. २०२३ मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम झाला आणि महाराष्ट्र आयर्नमेन जिंकले, तेव्हा पोरींनी मोबाइलवर ते सामने पाहिले होते. जंप शॉट सगळ्यांना पाठ. खेळाडू अधूनमधून तळवे का पुसतात, हे एकीनेच विचारलं.

बुटांचंही एक सांगण्यासारखं आहे. पालक हौसेने जाड, मऊ टाचेचे रनिंगचे बूट घेऊन देतात. सरळ धावायला ते चांगले. बाजूला पाय टाकून थांबायचं झालं की घोटा त्या उंच मऊ टाचेवर कलंडतो. साध्या सपाट तळाचे बूट हँडबॉलला जास्त इमानदार.

खो-खोमधून येणाऱ्या मुली हा तर वेगळाच विषय. आमच्याकडे एकच मुलगी सप्टेंबरात खो-खो खेळते आणि पुढच्या आठवड्यात हँडबॉल. थांबण्यात, दिशा बदलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. सैल जमिनीवर तर ती राणीच. पण ती कायम कमरेतून वाकलेली असते, बुडाचं वजन खाली. तोल तिचा पक्का, फेक मात्र येत नाही, कारण फेकायला त्या पायावरून अंग वर उचलावं लागतं. तोल राखणं आणि फेकण्यासाठी तोल वापरणं या दोन गोष्टींतलं अंतर मला या मुलींनी जितकं स्पष्ट दाखवलं, तितकं पुस्तकांनी नाही.

शाळेच्या हॉलमध्ये जिमनॅस्टिकची एक जुनी गादी आहे. ती दुमडून मी एखादीला तिच्यावर उभी करते आणि समोरच्या भिंतीवर चेंडू मारायला सांगते. मग तीच मुलगी फरशीवर. सगळ्या संघाने बाजूला बसून बघायचं, पण फक्त कमरेखाली. गादीवर अनवाणी पायाची बोटं आधी आत वळतात, कापड धरू बघतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा उठून दिसतात. गुडघे वाकतात, बूड मागे जातं, पाऊल टाकायला सांगितलं असलं तरी ती नुसता पाय उचलून तिथेच ठेवते. मोकळा डावा हात, जो एरवी गोलकडे रोखलेला असतो, तो बाजूला पसरतो. चेंडू हातातून लवकर सुटतो आणि छताकडे जातो. फरशीवर आली की दुसऱ्या-तिसऱ्या फेकीत हे सगळं आपोआप विरघळतं. तिला कुणी काही शिकवलेलं नसतं. पायाखालची खात्री परत आलेली असते, एवढंच.

असं का होतं, याचा एक धागा जुना आहे. १९६७ मध्ये मॉस्कोत गुरफिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या माणसाला हात झटकन वर करायला सांगून स्नायूंची नोंद घेतली. हाताचा स्नायू जागा होण्याआधी पायाचे आणि धडाचे स्नायू जागे झालेले दिसले. हात हलणार म्हणून तोल ढळणार, हे शरीर आधीच ओळखतं आणि आधीच तजवीज करतं. डुगडुगत्या जागी त्या तजविजीचा भरवसा उरत नाही. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळले जातात. सांधा घट्ट होतो, माणूस पडत नाही, पण घट्ट झालेल्या सांध्यातून वेग निघत नाही. शरीराने पडणं टाळायला प्राधान्य दिलेलं असतं आणि गोल हा त्याच्या दृष्टीने दुय्यम विषय असतो.

आता डुगडुगत्या जागेवरच्या सरावाचं. सध्या रील्समध्ये अर्ध्या चेंडूवर किंवा बोर्डवर उभं राहून पूर्ण जोराने चेंडू फेकणारे खेळाडू दिसतात आणि पोरींना तसंच हवं असतं. माझ्याकडे बोर्ड नाहीत. ट्रॅक्टरची अर्धी हवा भरलेली ट्यूब आहे, वर ताडपत्री बांधलेली, आणि ती तिच्या कामाला पुरते. तिच्यावर एका पायाने उभं राहायचं, हलका पास झेलायचा, हलका पास द्यायचा, नंतर डोळे मिटून नुसतं उभं राहायचं. पूर्ण जोराचा थ्रो तिच्यावरून मी मारू देत नाही. गादीवर जे दिसतं तेच तिथे होतं, आणि ते शंभर वेळा केलं की हाताने ढकलणारी फेक अंगवळणी पडते. डळमळीत जागी तोल कमवायचा आणि तो खर्च करायचा पक्क्या जमिनीवर, अशी माझी विभागणी आहे. काही प्रशिक्षकांना ती जुनाट वाटते. वाटो.

तोल आणि धडाच्या कामाचा फायदा होतो याबद्दल मात्र शंका नाही. नॉर्वेत सेटरबाकन, व्हान डेन टिलार आणि सायलर यांनी २०११ साली हायस्कूलच्या वयाच्या हँडबॉल खेळणाऱ्या मुलींवर केलेला प्रयोग माझ्या मनात बसला आहे, कारण त्या मुली आमच्या पोरींच्याच वयाच्या होत्या. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, वरून टांगलेल्या पट्ट्यांत हातपाय अडकवून धड आणि कंबर सांभाळण्याचे व्यायाम. चेंडू फेकायचा वेगळा सराव त्यात नव्हता. तरी थ्रोचा वेग ४.९ टक्क्यांनी वाढला, सेकंदाला १७.९ मीटरवरून १८.८ मीटर. ऐकायला किरकोळ. ९ मीटरवरून चेंडू गोलपर्यंत पोचायला जो अर्धा सेकंद लागतो, त्यातला साधारण चाळिसावा भाग सेकंद वाचला. पण तेवढ्या वेळात त्या वेगाचा चेंडू जवळजवळ हातभर अंतर कापतो. गोलकीपरचा पंजा आणि चेंडू यांच्यातलं अंतर बहुतेक वेळा त्याहून कमीच असतं.

पकड जितकी जास्त तितकं चांगलं, असंही कुणी समजू नये. नॉर्वेतच २००३ साली ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी मैदानाच्या पृष्ठभागाचा आणि गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटच्या दुखापतीचा संबंध तपासला, तेव्हा जास्त घर्षणाच्या कृत्रिम फ्लोअरवर मुलींना लाकडी फ्लोअरपेक्षा धोका अधिक दिसला. पाय गच्च थांबतो, वरचं अंग फिरत राहतं, मधला गुडघा भरडतो. मुरमावर घोटे जातात आणि सिंथेटिकवर गुडघे. २००५ मध्ये त्याच गटाने १२० क्लबांतल्या अठराशेहून जास्त तरुण खेळाडूंचा अभ्यास मांडला, त्यांतल्या साधारण निम्म्यांवर वॉर्मअपचा कार्यक्रम राबवला होता. धावणं, वळणं, उडीवरून नीट उतरणं, मॅटवर आणि डुगडुगत्या बोर्डवर तोल सांभाळणं असं त्यात होतं, आणि बाकीच्यांच्या तुलनेत गुडघ्या-घोट्याच्या दुखापती निम्म्याच्या आसपास खाली आल्या. फेकीचा वेग वाढला नाही तरी एवढ्यासाठी मी ट्यूब बाहेर काढली असती. दुखापत होऊन बसलेली पोरगी ताशी शून्य किलोमीटरने फेकते.

वाळूबद्दल आमच्याकडे उगाच भक्तिभाव आहे. नदीपात्रात नेऊन पोरी पळवल्या की संघ तयार होतो, अशी समजूत. वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, हे बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं आहे, तेव्हा दम लागतो यात नवल नाही. पण वाळूत शेवटचं पाऊल रुततं, थांबत नाही. बीच हँडबॉलवाल्यांनी त्यातून आपला वेगळा रस्ता काढला. त्यांच्याकडे हवेत पूर्ण गिरकी घेऊन मारलेल्या गोलला दोन गुण असतात. म्हणून फेकीच्या सरावासाठी मी वाळूत जात नाही, दमासाठी जाते.

बचाव करणाऱ्या मुलीचा धक्का हाही तोलाचाच प्रश्न, पण तो पंचांच्या शिट्टीशी जोडलेला असल्याने इथे सोडून देते.

राहिली पेनल्टी, म्हणजे ७ मीटरचा थ्रो. शिट्टी वाजल्यापासून तीन सेकंदांत मारायचा, एका पायाचा काही भाग सतत जमिनीला टेकलेला हवा आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत रेघेला स्पर्श झाला तर गोल रद्द होऊन चेंडू समोरच्या संघाला. धावायला जागा नाही, उडी नाही. पुढच्या पायावर उभं राहून एक-दोन हूल द्यायच्या आणि गोलकीपर हलली की मारायचं. सैल मुरमावर हुलीगणिक पाय थोडाथोडा पुढे सरकतो आणि बिचारीच्या लक्षातही येत नाही, की तिचा अंगठा रेघेवर गेला आहे. दुसऱ्यांच्या गावी सामना असला की मी फक्कीवाल्याच्या आधी मैदानावर जाते. आमच्या तीन-चार पोरींना ७ मीटरच्या जागी उभं करून एकेक थ्रो मारायला लावते, आणि चेंडू आणायला कुणी धावलं की वाकून पुढच्या पायाची खूण बघते. कुणाची टाच एकाच जागी उमटलेली असते, कुणाचा वीतभर ओरखडा असतो. ज्या मुलीची खूण आखूड, त्या दिवशीची पेनल्टी तिची. संघातली सगळ्यात जोरात मारणारी यावर हमखास रुसते, आणि तिला मी सांगते की तुझं काम ९ मीटरवर आहे, तिथे मुरूम अजून दबलेला आहे.